जुनी मारुती ८०० रिस्टोअर आणि मॉडिफाय करायचीय? नवशिक्यांनी सुरुवात कुठून करावी

तुम्हीही ती रील पाहिली असेलच. गोठ्याशेजारी उभी असलेली गंजकी गाडी, वर कोंबड्या बसलेल्या. मग गाणं बदलतं, पाण्याचा फवारा, ग्राइंडरच्या ठिणग्या, आणि साठाव्या सेकंदाला गाडी आरशासारखी चमकत गेटबाहेर पडते. खऱ्या आयुष्यात या साठ सेकंदांत दोन पावसाळे जातात. शिवाय रीलमध्ये ज्या गोष्टी दाखवत नाहीत, त्यांवरच गाडी वाचते की भंगारात जाते हे ठरतं.

हा लेख त्या न दाखवलेल्या गोष्टींबद्दल आहे.

## जपानी क्लासिक, पण कोणती?

जपानी क्लासिक कार म्हटलं की डोळ्यांसमोर स्कायलाइन, सुप्रा किंवा टोयोटाची एई८६ येते. त्यांचं स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत, पण तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड कार भारतात सहसा आयात करता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे हात काळे करायला मिळेल अशी जपानी क्लासिक म्हणजे गल्लीतच उभी असलेली मारुती ८००.

हसू नका. ही अस्सल जपानी गाडी आहे. सुझुकीने १९७९ मध्ये जपानमध्ये आल्टो आणली, किंमत फक्त ४ लाख ७० हजार येन. तिचंच ७९६ सीसी इंजिनचं रूप म्हणजे एसएस८०, आपली पहिली मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ ला तिची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. सुरुवातीच्या गाड्यांचे बरेचसे भाग जपानहूनच येत. १९८६ मध्ये आली एसबी३०८, म्हणजे आल्टोची पुढची पिढी, आणि तुमच्या-माझ्या बालपणातली ८०० ती हीच. उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं.

आता यातली कोणती घ्यायची? माझं मत सरळ आहे: पहिली गाडी म्हणून एसएस८० च्या वाटेला जाऊ नका. तिच्या काचा, दिवे, आतली प्लॅस्टिकं शोधण्यातच उमेद संपते. कार्बोरेटरवाली एसबी३०८ घ्या. तिचं एफ८बी नावाचं तीन सिलेंडरचं इंजिन ओम्नीतही होतं, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात. १२ इंची टायर पुढे आल्टोलाही होते, म्हणून तेही सहज मिळतात. गाडीचं वजन साधारण ६५० किलो आणि बॉनेटखाली इतकी मोकळी जागा की हात घालून बोल्ट सापडतो. शिकायला यापेक्षा सोपं इंजिन मिळणं कठीण.

## माझी चूक आधी सांगतो

माझ्या मामांची १९९६ ची पांढरी ८०० चिपळूणला शेडखाली काही वर्षं उभी होती. मामा म्हणाले, "ने तुला हवी तर, नाहीतर भंगारवाला विचारतोय." मी नेली. बॅटरी बदलली, पेट्रोल टाकलं, थोडी खटपट केल्यावर गाडी चालू झाली. आनंद इतका की पुढचे सगळे पैसे मी डेंटिंग-पेंटिंगला दिले. गाडी झकास दिसायला लागली.

मग कुंभार्ली घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणाला ते जवळजवळ खाली टेकलं. दुसरा गिअर आणि हँडब्रेक, एवढ्यावर गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबली. नवा रंग तिथेच गेला. नंतर पाहिलं तर मागच्या एका चाकाचा व्हील सिलेंडर गळत होता आणि ब्रेक ऑइल चहासारखं तपकिरी झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पेडल खाली जातं आणि चाक थांबत नाही. दहावीच्या विज्ञानातली गोष्ट, पण मला ती घाटात समजली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: कागद, पत्रा, ब्रेक, इंजिन, वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी रंग.

## कागद: आरसी नसेल तर गाडी नाही, शोपीस आहे

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी फॉर्म २५ असतो. एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या नियमाने २० वर्षांवरच्या कारसाठी १०,००० रुपये. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर लागतो, आणि मुदत उलटून गेली असेल तर उशिराचं शुल्क वेगळं. अनेक वर्षं कुणी नूतनीकरणच केलं नसेल तर ही थकबाकी गाडीच्या किमतीला मागे टाकू शकते. म्हणून सौदा करण्याआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा.

ॲपवर काहीच दिसलं नाही तर लगेच घाबरू नका. खूप जुन्या नोंदी कागदी रजिस्टरमध्ये राहिलेल्या असतात आणि त्या ऑनलाइन चढवण्यासाठी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. पण ते काम विकणाऱ्याने करून द्यायचं, तुम्ही नाही. बॉनेट उघडून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा, फोटो काढा, आरसीशी अंकन्-अंक जुळवा. चेसिस नंबरच्या आसपास वेल्डिंग किंवा खरवडल्याची खूण दिसली तर चहा पिऊन निघून या.

दिल्लीहून स्वस्तात आणलेल्या गाड्यांपासून विशेष सावध राहा. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या स्वस्त विकल्या जातात. एनओसीशिवाय घेतलेली अशी गाडी इथे तुमच्या नावावर होत नाही.

## पत्रा: चुंबक आणि मोबाइल घेऊन जा

इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, दुसरं मिळतं. बॉडी सडली तर खेळ संपतो, कारण या गाडीला वेगळी चौकट नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी जमिनीवर आडवे व्हा.

फ्रिजवर लावायचं साधं चुंबक पातळ कपड्यात गुंडाळून गाडीभर फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दारांची खालची कड, चाकांवरच्या कमानी, दाराखालचा रनिंग बोर्ड आणि डिकीत स्टेपनीची जागा, इथे हमखास सापडतं. मग आतली कार्पेट उचला. ८०० चा फ्लोअर वरून छान दिसतो आणि कार्पेटखाली चाळणी झालेला असतो, कारण काचेच्या रबरातून आत आलेलं पाणी तिथेच मुरतं. बॅटरीखालची जागाही बघा. ॲसिड सांडून पत्रा खाल्लेला असतो.

फोनला जोडता येणारा छोटा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो. तो रनिंग बोर्डच्या भोकातून आत सरकवला की आतल्या गंजाची खरी अवस्था स्क्रीनवर दिसते. माझ्या मते नवशिक्याने घ्यायचं पहिलं गॅजेट हेच.

सगळा गंज सारखा नसतो. दाराचा किंवा बॉनेटचा गंज म्हणजे खर्च. पण पुढच्या शॉकअॅबसॉर्बरचा वरचा टॉवर, मागच्या सस्पेन्शनचे जोड, सीटबेल्टचे बोल्ट आणि रनिंग बोर्ड यांचा गंज म्हणजे धोका. तिथे सडलेला भाग कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने बसवावाच लागतो. वरून पुट्टी लावून रंग मारला तर दिसायला छान, पण अपघातात ती जागा कागदासारखी दुमडते. गॅरेजवाला "काय नाय होत, पुट्टीने भागेल" म्हणाला तर त्याला विचारा, सीटबेल्ट पुट्टीला बांधणार का?

कोकण-मुंबईच्या खाऱ्या हवेतली गाडी आणि सोलापूर-साताऱ्याकडची कोरड्या हवेतली गाडी, दोन्ही सारख्याच दिसत असल्या तरी कोरड्या भागातली घ्या. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

## ब्रेक आणि टायर

इथे "बघू, चालतंय तोवर चालवू" नाही. उभी राहिलेली गाडी असेल तर मास्टर सिलेंडरचं किट, मागचे व्हील सिलेंडर, रबरी ब्रेक होज आणि सगळं ब्रेक ऑइल बदलायचं. लोखंडी ब्रेक पाइप गंजून फुगले असतील तर तेही. या सगळ्याचा खर्च रंगकामापुढे किरकोळ आहे. पहिल्यांदा करत असाल तर हे काम जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून करा, एकट्याने नको.

टायरची नक्षी फसवी असते. टायरच्या बाजूला चार आकडे शोधा. २३०८ असेल तर तो २००८ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. तीनच आकडे असतील तर तो २००० सालाच्या आधीचा आहे, त्याची कुंडी करा.

आणि गाडीखाली शिरताना फक्त जॅकवर विश्वास ठेवू नका. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. खाली घोडी, म्हणजे जॅक स्टँड लावा. विटांचा थर लावणारे लोक मी पाहिलेत. वीट फुटते.

## इंजिन: लगेच स्टार्टर मारू नका

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनात सिलेंडरच्या भिंतींवरचं तेल वाळलेलं असतं, रिंगा चिकटलेल्या असतात. अशात किल्ली फिरवली तर भिंतींवर ओरखडे पडतात. आधी तिन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र थांबा. दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवा. फिरलं तर निम्मी लढाई जिंकली. अडलं तर जोर लावू नका, आणखी तेल आणि आणखी एक दिवस द्या.

मग जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. टायमिंग बेल्ट तर न बघताच बदला, कारण रबराचं वय बघून कळत नाही. त्यासोबत वॉटर पंप, कूलंटचे होज आणि थर्मोस्टॅट. प्लग लावण्याआधी कम्प्रेशन तपासा: तीन सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत. एकाचा आकडा फारच खाली असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हचं काम निघणार, हे पैसे मनात धरून चाला.

पेट्रोलकडे आता जास्त लक्ष द्यावं लागतं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही गाडी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, कडक करतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून टाकी काढून आतून धुऊन घ्या, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सहन करणारे लावा, फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरचं किट बदला. जुन्या गाडीला अचानक आग लागल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या बऱ्याच वेळा अशा तडकलेल्या पाइपातून गरम इंजिनावर टपकणारं पेट्रोल हे कारण असू शकतं.

अनेकजण विचारतात, ओबीडी स्कॅनर लावला तर प्रॉब्लेम कळेल ना? नाही. कार्बोरेटरवाल्या ८०० मध्ये ईसीयूच नाही, त्यामुळे स्कॅनर लावायला जागाच नाही. इथे निदान म्हणजे प्लगचा रंग, धुराचा रंग, कान आणि नाक. काळा, काजळी धरलेला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे कमी. फिकट चॉकलेटी म्हणजे बरोबर.

## मोबाइलचा खरा उपयोग

काही सोडवण्याआधी फोटो. सोडवताना व्हिडिओ. प्रत्येक व्हॅक्यूम पाइपला आणि वायरच्या जोडाला कागदी चिकटपट्टी लावून नंबर. नट-बोल्ट झिप लॉकच्या पिशव्यांत, पिशवीवर जागेचं नाव. मी पहिल्यांदा सगळे बोल्ट एका डालडाच्या डब्यात टाकले होते. डॅशबोर्ड परत बसवल्यावर अकरा स्क्रू उरले, आणि ते कुठले हे मला आजही माहीत नाही.

एका वेळी एकच भाग सोडा. पूर्ण सुटी केलेली गाडी फार क्वचित पुन्हा जुळते. "अर्धवट प्रोजेक्ट विकणे आहे" अशा जाहिराती बघा, मग कळेल.

स्पेअरसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसचा भाग, पुण्यात नाना पेठ. जुना भाग हातात घेऊनच जा. "८०० चं द्या" म्हटल्यावर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "कार्बोरेटर की एमपीएफआय?" आणि सन २००० च्या आसपासच्या गाडीच्या मालकालाच बरेचदा ते माहीत नसतं.

## आता मॉडिफिकेशन

इथे मी थोडं निराश करणार आहे.

१९८७ मध्ये सुझुकीने जपानमध्ये आल्टो वर्क्स आणली. आपल्या एसबी३०८ च्याच पिढीची बॉडी, आत ५४३ सीसीचं टर्बो इंजिन, ६४ पीएस ताकद. आपल्या ८०० ची ताकद चाळिशीच्या आसपास. हे कळल्यावर डोक्यात किडा वळवळतोच: याच डब्यात एवढा दम मावतो? मग कुणीतरी झेनचं किंवा एस्टीमचं इंजिन टाकल्याचा व्हिडिओ दिसतो.

पण जपानमधल्या ज्या मॉडिफाइड गाड्या आपण बघतो त्या शाकेन नावाच्या ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीतून जातात आणि तिथे बरेच बदल नोंदवून कायदेशीर करता येतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा आरसीवरची गाडी वेगळी करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मोठं इंजिन, कापलेली बॉडी, बाहेर आलेली रुंद चाकं, फाडफाड आवाजाचा सायलेन्सर हे सगळं यात येतं. अपघात झालाच तर विमा कंपनी बोट ठेवणार ते यावरच.

कायदा बाजूला ठेवला तरी गणित आहेच. दुप्पट ताकद टाकली तर ब्रेक, सस्पेन्शन आणि ६५० किलोचा पातळ पत्रा हे सगळं त्या ताकदीचं करावं लागतं. ते न करता फक्त इंजिन बदलणं म्हणजे कुंभार्लीतला माझा प्रसंग, फक्त दुप्पट वेगात. खरंच वेगाची हौस असेल तर एफएमएससीआयच्या नियमांखाली होणाऱ्या ऑटोक्रॉस स्पर्धा आहेत, बंद मैदानावर.

मग काय करता येतं? रंग बदलता येतो, आरटीओची परवानगी घेऊन आणि आरसीवर नोंद करून. सीएनजी किट किंवा इलेक्ट्रिक किट हवं असेल तर मान्यताप्राप्त किट आणि मान्यताप्राप्त बसवणारा पाहिजे. अशा किटची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक एआरएआय आपल्या पुण्यातच आहे.

आणि काही सुधारणा दिसत नाहीत पण गाडी बदलून टाकतात. माझी सगळ्यात आवडती म्हणजे हेडलाइटचा रिले. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॉट, १२ व्होल्टवर १० अँपिअर. हा सगळा करंट तीस वर्षं जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरमधून जातो, वाटेत व्होल्टेज गळतं आणि दिवे पिवळट दिसतात. रिले आणि फ्यूज लावून बॅटरीतून थेट जाड वायर दिली की स्विचला फक्त रिले चालवायचा असतो. बल्ब तोच, उजेड कितीतरी जास्त, आणि डोळे दिपवणारे एलईडी लावायची गरज उरत नाही. तसंच इलेक्ट्रॉनिक इग्निशन: जुन्या मॉडेलला पॉइंट असतील तर ते सारखे घासून गॅप धरायची कटकट संपते.

माझी एकच अट असते: जो बदल करताय तो परत काढता आला पाहिजे. बॉडीला नवं भोक नाही, मूळ वायरिंग कापायचं नाही, काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून जपून ठेवायचा. उद्या हीच गाडी जुनी म्हणून मोलाची झाली तर किंमत मूळपणालाच आहे. हरपाल सिंग यांची ती पहिली गाडी बरीच वर्षं घराबाहेर गंजत पडली होती. कंपनीने ती मूळ रूपात आणली आणि २०२२ मध्ये मुख्यालयात मांडली. तिला स्पॉयलर लावावा असं कुणाला वाटलं नाही.

## पहिले शंभर किलोमीटर

सगळं झालं की लांबच्या ट्रिपला निघू नका. घराभोवतीच पाच, दहा, वीस किलोमीटर अशा फेऱ्या मारा. प्रत्येक फेरीनंतर खाली पुठ्ठा टाकून ठेवा, गळतंय का आणि कुठला रंग ते सकाळी दिसतं. हिरवट म्हणजे बहुतेक कूलंट, काळपट म्हणजे इंजिन ऑइल, आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओल म्हणजे पुन्हा व्हील सिलेंडर. चाकांचे नट पन्नास किलोमीटरनंतर परत आवळा. गाडीत आग विझवायचं छोटं सिलेंडर, एक फॅन बेल्ट, थोडे फ्यूज आणि दोन लिटर पाणी ठेवा. मागची जुनी नंबर प्लेट आवडती असली तरी एचएसआरपी लावून घ्या, ती जुन्या गाड्यांनाही सक्तीची आहे.

मामांची गाडी आता पुन्हा चिपळूणला जाते. रंग अजून एका बाजूला घासलेलाच आहे, तो पुढच्या उन्हाळ्यात.